एकशे सात पानांचा हिशेब

प्रश्न : जुन्या नाशकातला आमचा वाडा पाडायला काढला आहे. माळा रिकामा करताना आजेसासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत सरकत्या झाकणाची एक रंगीत लाकडी पेटी निघाली. आत हाताने रंगवलेली गोल पानं आहेत. मोजली तर १०७ भरली. माझे चुलत दीर म्हणाले, "वहिनी, हा नवग्रह गंजिफा. तो १०८ पानांचा असतो. एकच पान गहाळ आहे, म्हणजे संच जवळजवळ पूर्ण." सोबत सोंगट्यांचा कापडी पटही आहे. विकायचं अजून ठरलेलं नाही, पण या वस्तू 'चांगल्या स्थितीत' आहेत की नाहीत हे घरच्या घरी कसं ठरवायचं? (एक वाचक, जुने नाशिक)

उत्तर : दिरांचं गणित बरोबर आहे, पण १०७ हा आकडा फसवा आहे. आठ रंगांचा मोगली गंजिफा ९६ पानांचा, नऊ ग्रहांचा १०८, दहा अवतारांचा १२० आणि बारा राशींचा १४४. रंग कितीही असोत, प्रत्येक रंगात पानं बाराच : एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, वर प्रधान आणि राजा. तेव्हा तुमची १०७ पानं ही नवग्रहातलं एक गेलेली असू शकतात, दशावतारातली तेरा गेलेली असू शकतात, नाहीतर ९६ च्या संचात दुसऱ्या कुठल्या संचाची अकरा घुसलेली असू शकतात. तिन्हींची किंमत वेगळी, आणि तिसरी शक्यता निघाली तर पेढे परत करावे लागतील.

म्हणून मोजणी सोडा, मांडणी करा. फरशीवर धुतलेली सुती चादर अंथरा, हात धुऊन कोरडे करा, पंखा बंद ठेवा. पंखा अशासाठी की जुन्या लाखेच्या खपल्या सुटत असतील तर त्या उडून जातात आणि कोणत्या पानाचं काय गेलं ते कळत नाही. आधी राजे शोधा. महाराष्ट्रात दशावताराचा संच अधिक रूढ. त्यात राजाच्या पानावर तो तो अवतारच असतो, प्रधान बहुधा घोड्यावर. राजांची उभी रांग लावली की रंग किती हे लगेच उलगडतं. नंतर आकड्यांची पानं. सावंतवाडीच्या पद्धतीत मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वराहाला शंख, नरसिंहाला चक्र, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला बाण, कृष्णाला गाय, बुद्धाला कमळ आणि कल्कीला तलवार अशी चिन्हं येतात. ठिकाणाप्रमाणे त्यांत फेरफार होतो. त्यामुळे एखादं चिन्ह या यादीशी जुळलं नाही म्हणून ते पान परकं ठरवू नका. पानाच्या जमिनीचा रंग पाहा. एका रंगाच्या बाराही पानांची जमीन सारखी असायला हवी. सगळं लावून झालं की रिकाम्या जागी चिठ्ठी ठेवा : 'वामनाची सत्ती', 'कल्कीचा प्रधान'. ही चिठ्ठ्यांची यादी म्हणजे तुमच्या संचाच्या स्थितीचं पहिलं पान.

मग सगळी पानं जागच्या जागी पालथी करा. ही परीक्षा मला सर्वांत भरवशाची वाटते. पाठीवरून पान ओळखू आलं तर डाव खेळण्यात अर्थच नाही, त्यामुळे चितारी पाठ एकाच रंगाच्या लाखेने, नक्षीविना भरत. एका वेळी केलेल्या पानांच्या पाठी सारख्याच जुन्या होतात. शंभर पाठी गडद लाल आणि सातच पाठी किंचित केशरी दिसल्या तर त्या सात पाहुण्या समजा. खेळताना हे लक्षात येऊ नये म्हणून पूर्वीच्या लोकांनी काळजी घेतली असेल, पण दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, शेजारी शेजारी ठेवल्यावर ते लपत नाही. जाडी आणि व्यासही इथेच तपासा. पाच-सहा पानांची चवड करून बोट फिरवलं तरी जास्त रुंद पान हाताला लागतं.

एखादं पान पुठ्ठ्याचं, शाईने घाईघाईत चितारलेलं निघालं तर ते फेकू नका. दशावतारी गंजिफा तिघांत खेळतात, १२० पानं, प्रत्येकी ४०. एक पान हरवलं की सगळा डाव अडतो. त्यातही दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने सुरुवात करायची आणि रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्याने, असा नियम आहे. या दोन राजांपैकी एक गेला तर तेवढ्या वेळेपुरता खेळ सुरूच होणार नाही. घरी बनवलेलं पान शोधायचं तर आधी या दोन जागा बघा. काही विक्रेते अशी पानं काढून टाकून संच 'शुद्ध' करतात. मला ते चूक वाटतं. संच वापरात होता याचा तो पुरावा आहे, फक्त यादीत ते पान 'मूळचं' म्हणून मोजायचं नाही.

राजाचं पान जाणं आणि चौकीचं पान जाणं यांतही फरक करा. चितारी आपलं कसब राजा-प्रधानांत ओततो, आकड्यांच्या पानांवर चिन्हं भराभर उतरवतो. दहापैकी दहा राजे असलेला १०७ पानांचा संच मी सहा राजे असलेल्या ११५ पानांच्या संचापेक्षा वरचा धरेन.

आता वयाचा प्रश्न, कारण तो स्थितीत नेहमी गुंततो. हा खेळ मोगलांच्या काळात इकडे रुजला. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. तिचा आधार घेऊन 'चारशे वर्षांचा जुना संच' अशी विधानं बाजारात ऐकू येतात. चारशे वर्षांचा खेळ असतो, संच नव्हे. सावंतवाडीत तर १९७० च्या सुमारास ही कला जवळपास विझली होती. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती स्वतः शिकून घेतली, राजवाड्यातच कारागिरांना बसवलं आणि तेव्हापासून तिथे पुन्हा गंजिफा बनू लागला. कोकणातून येताना आणलेला, भेट म्हणून मिळालेला असा बराच माल त्यानंतरचा आहे. तो सुंदर आहे, पण जुना नाही. तुमच्या पेटीत इंग्रजीत छापलेलं माहितीपत्रक असेल, किंवा पानं एका हातात चाळीस धरताच येणार नाहीत इतकी मोठी असतील, तर ती शोभेसाठी घेतलेली असण्याचा संभव जास्त. जुन्या पानाच्या टवका उडालेल्या कडेला भिंग लावा. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून, वर खडूचा लेप देऊन, घोटून, मग रंगवलेले दिसतील. आत एकसंध पांढरा यंत्राचा पुठ्ठा दिसला तर कितीही काळवंडलेलं पान असलं तरी ते जुनं मानू नका. काळवंडवणं अवघड नसतं.

हाताने वापरून आलेली झीज आणि दुर्लक्षाने आलेलं नुकसान वेगळं ओळखायला शिकलं पाहिजे, आणि बहुतेक जण इथेच गोंधळतात. पानं पंख्यासारखी धरली जातात, त्यामुळे अंगठा टेकतो त्या कडेला लाख मिणमिणीत होते, रंग पातळ होतो. सगळ्या पानांवर ही झीज थोडीफार सारखी असते. तिचं वाईट वाटून घेऊ नका. वाईट ते वेगळं : रंग भुकटीसारखा बोटाला लागणं, लाखेची खपली उभी राहणं, पान द्रोणासारखं वाकणं, थर सुटून पापुद्रे होणं, बारीक भोकं. चिंचोक्याची खळ कसर व वाळवी दोघींना आवडते. मोबाइलचा टॉर्च पानाला जवळजवळ आडवा धरा. सरळ उजेडात न दिसणारे फुगवटे आणि उचललेल्या खपल्या सावली टाकतात.

नाशिककरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. गोदाकाठच्या वाड्यांनी १९६९ चा पूर पाहिला, २००८ चाही पाहिला. दुतोंड्या मारुती किती बुडाला यावरून आपण पुराची मोजदाद करतो, तशीच मोजदाद पेटीवर होते. पेटीच्या आतल्या बाजूने तळापासून बोटभर उंचीवर एक मळकट तपकिरी रेघ सलग गेली असेल तर तिथवर पाणी चढलं होतं. मग खालच्या थरातली पानं जास्त काळजीने तपासा. पुराचं पाणी नुसतं ओलं करत नाही, गाळही ठेवून जातं. पेटी उघडताच कोंदट वास आला तर बुरशी जिवंत असू शकते. अशी पेटी इतर वस्तूंपासून दूर, सावलीत, हवेशीर जागी ठेवा. उन्हात नको. नाशकातल्या एप्रिलच्या उन्हात लाख मऊ पडते आणि चवडीतली पानं एकमेकांना धरून बसतात. डांबरगोळ्याही नकोत. त्यांचा वास पानांत मुरतो आणि वर्षानुवर्षं जात नाही.

आणि पुसायचं नाही. ओल्या फडक्याने नाही, खोबरेल तेलाने नाही, वॉर्निशने तर नाहीच. मऊ कोरड्या ब्रशने वरची धूळ उडवा आणि थांबा. वॉर्निश मारून 'चमकवलेला' संच हाती आला की जाणकार पहिल्या पानालाच मान हलवतो.

'चांगली स्थिती' हे शब्द मात्र वापरू नका. नाण्यांच्या संग्राहकांचं बरं असतं. अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेमुळे नाशकात त्यांची संख्या कमी नाही, आणि त्यांच्याकडे १९४९ मध्ये विल्यम शेल्डनने आखलेली, ७० पर्यंत जाणारी श्रेणी आहे. गंजिफासाठी अशी सर्वमान्य श्रेणी नाही. परदेशी बाजारात पेटीतल्या खेळांना 'नव्यासारखा', 'उत्तम', 'चालेल' अशा पायऱ्या लावतात, पण त्यांतही एकाचं 'उत्तम' ते दुसऱ्याचं 'चालेल' असतं. त्यापेक्षा वस्तुस्थिती लिहा. उदाहरणार्थ : "दशावतार गंजिफा, १२० पैकी १०७ पानं, त्यांपैकी एक पुठ्ठ्याचं घरगुती. राजे नऊ, प्रधान दहा, कृष्णाचा राजा नाही. चार पानांच्या कडेची लाख सुटलेली, दोन पानं वाकलेली. पाठी एकसारख्या. पेटी मूळची, तळाला पाण्याची रेघ." हे वाचून जळगावचा, पुण्याचा, लंडनचा माणूस एकच गोष्ट समजेल. तुलनेसाठी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक चक्कर टाका. मुंबईत राहून गंजिफा जमवणारे रुडॉल्फ फॉन लायडेन यांचं १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने काढलेलं पुस्तक ग्रंथालयात मिळालं तर उत्तमच.

सोंगट्यांचा पट तपासणं सोपं. चार पट्ट्या, प्रत्येकीत तीन ओळी आठ-आठ घरांच्या, म्हणजे ९६ घरं आणि मधला चौक. सोंगट्या चार रंगांच्या सोळा. त्यांना सपाट काचेवर उभं करून उंची बघा. हरवलेल्या सोंगटीच्या जागी आलेली नवी बहुधा उंचीत पकडली जाते. कापड घडीवरच विरतं, तेव्हा पट घडी न घालता नळीवर गुंडाळून ठेवा. फासे हाडाचे की हस्तिदंती हे मात्र नक्की करून घ्या. कापलेल्या तोंडाला भिंगातून एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानी रेषा दिसल्या तर हस्तिदंत, काळे ठिपके दिसले तर हाड. हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे आणि वस्तू आजीच्या काळातली आहे म्हणून सूट मिळत नाही.

प्रश्न : वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. त्यांच्या कपाटात 'डी ला रू' असं नाव असलेला पत्त्यांचा जुना कॅट सापडला. हा प्रेसमध्येच छापलेला असेल का? त्याची अवस्था कशी ओळखायची? (एक वाचक, जेलरोड)

उत्तर : प्रेसमध्ये छापलेला नाही, पण तुमच्या मनात जुळलेला धागा अगदीच हवेतला नाही. भारताची टपाल तिकिटं पूर्वी लंडनला थॉमस डी ला रू कंपनी छापत असे. १९२५-२६ मध्ये नाशिकरोडचं मुद्रणालय सुरू झालं आणि ते काम इकडे आलं. तीच कंपनी १८३० च्या दशकापासून पत्तेही छापत होती आणि ब्रिटिश पत्त्यांच्या बाजारात तिचं मोठं नाव होतं. वडिलांनी तो कॅट नावामुळे घेतला की कुणी दिला, हे घरच्यांनाच विचारायला हवं.

इस्पिकचा एक्का आधी काढा. इंग्लंडात पत्त्यांवर कर होता आणि त्याची खूण याच पानावर असे. १८६२ मध्ये कर तीन पेन्सवर आला, खूण वेष्टनावर गेली आणि छापणाऱ्यांना आपापला एक्का सजवायची मोकळीक मिळाली. १९६० मध्ये करच उठला. कराचा उल्लेख असलेलं वेष्टन टिकलं असेल तर ते पानांइतकंच जपा. कोपऱ्यांत आकडे नाहीत आणि कोपरे काटकोनी आहेत असा कॅट सर्वसाधारणपणे एकोणिसाव्या शतकातला. गोल कोपरे आणि आकडे त्या शतकाच्या अखेरीस सार्वत्रिक झाले.

कॅट नीट जुळवून टेबलावर उभा धरा आणि बाजूने पाहा. वापराचा मळ कडांवर राखाडी पट्टा करतो. त्या पट्ट्यात एखादी पांढरी रेघ दिसली तर ते पान दुसऱ्या कॅटमधलं. चारही रंग एक्का ते राजा लावून ५२ मोजाच. मोडलेला कोपरा सरळ करू नका, आणि कुणा जुगाऱ्याने पाठीवर नखाने केलेल्या खुणा सापडल्या तर त्यांचीही नोंद करा. संग्राहकाला त्या आवडतीलसुद्धा.

प्रश्न : लहानपणीचा 'व्यापार' हा पटावरचा खेळ जपून ठेवला आहे. छपाईचं वर्ष कुठेच नाही. (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : खोक्यावरचा पत्ता आणि किंमत वाचा. किंमत आण्यांत असेल तर खोका १ एप्रिल १९५७ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा. 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. पटावरच्या शहरांवर मात्र उलट बाजूने विसंबू नका. 'चेन्नई' छापलं असेल तर तो १९९६ नंतरचा हे नक्की, पण 'मद्रास' आहे म्हणून त्याआधीचा असं म्हणता येत नाही. जुने ठसे वर्षानुवर्षं चालवले जातात.

स्थितीत पहिला मार खोक्याच्या झाकणाला बसतो. चारही कोपरे फाटलेले आणि त्यांवर पिवळी पडलेली सेलोटेप हे नेहमीचं दृश्य. टेप ओढून काढायला जाऊ नका, खालची छपाई तिच्याबरोबर निघते. नोटा कमी असल्या तर फारसं बिघडत नाही, पण जागांची मालकीपत्रं आणि नियमांचं पत्रक गेलं तर खूप बिघडतं, कारण आत किती वस्तू होत्या हे त्या पत्रकावरूनच कळतं. पटाच्या मधल्या घडीवर कापडाची पट्टी मूळची की नंतर लावलेली तेवढं बघा. नोटांवर पेनाने लिहिलेली भावंडांची नावं आणि हिशेब विक्रीच्या दृष्टीने दोष धरतात. मी धरत नाही, पण विकताना लपवूही नका.

प्रश्न : आमच्या पुतणीला, ती अमेरिकेत असते, आजीचा जुना मोक्षपट, म्हणजे सापशिडीचा जुना पट, पाठवायचा आहे. कुरिअरने जाईल का? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : थांबा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. हाताने लिहिलेला-रंगवलेला मोक्षपट दोन्हींच्या सीमेवर बसू शकतो. पट त्याहून अलीकडचा असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा आणि मग पाठवावा. हाताने केलेले मोक्षपट मुळातच फार थोडे उरले आहेत. पुण्यात वा. ल. मंजुळ यांनी त्यांचा अभ्यास केला तोही रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातल्या पटांवरून. तेव्हा कुरिअरवाल्याला फोन करण्याआधी पटाची दोन्ही बाजूंनी, घराघराची अक्षरं वाचता येतील अशी छायाचित्रं काढा. पुतणीला सध्या तीच पाठवा. खेळायला त्यांची मोठी छपाई करून घेतली तरी चालते, सहा कवड्या तिला तिकडेही मिळतील.